दरवेळी नवं नाव

१

कांता दुपारी गेली, आणि संध्याकाळपर्यंत समुद्रपुरात जो तो एकच सांगू लागला की नंदिनीनं चुकीचं बटण दाबलं.

कांता वडनेरची. पहिलं बाळंतपण. हिंगणघाटातल्या एका खासगी दवाखान्यात तिला मुलगी झाली, मुलगी ठणठणीत होती, पण कांताचं रक्त थांबेना. तिचा गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत तो साठा नव्हता, म्हणून दवाखान्यानं 'ओंजळ' रक्तदाता मंडळाला फोन लावला. मंडळाचं ऑफिस समुद्रपूरच्या बसस्टँडसमोर, खताच्या दुकानाच्या माडीवर. संगणकावर नंदिनी होती. तिनं गट निवडला, 'शोधा' दाबलं. पडद्यावर ओळ उमटली: या गटात दाता उपलब्ध नाही. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. शेवटी रक्त नागपूरहून निघालं, आणि ते वाटेत असतानाच कांता गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाचे अध्यक्ष प्रभाकरराव स्वतः किल्ली घेऊन आले. कापडाचे जुने व्यापारी, गावात मान असलेला माणूस. चार लोकांसमोर त्यांनी संगणक सुरू केला, ओ निगेटिव्ह निवडलं, बटण दाबलं. क्षणात नाव आलं: प्रफुल्ल. खाली त्याचा मोबाइल नंबर.

मग सगळ्यांनी वळून नंदिनीकडे पाहिलं.

प्रोग्राम लिहिला होता मयुरीनं. ती समुद्रपूरचीच, वर्ध्याच्या एका तंत्रनिकेतनात प्रोग्रामिंग शिकवायची. निरोप मिळताच ती आली. आधी प्रोग्राम बंद करून नव्यानं सुरू केला, तिची सवयच तशी, आणि एकेक गट तपासला. सगळ्यांत नावं आली.

"प्रोग्राम बरोबर आहे," ती म्हणाली.

या तीन शब्दांनी नंदिनीचा निकाल लावला. मंडळानं तिला येऊ नको म्हणून सांगितलं. कांताचा नवरा निकेश तिच्या दारासमोर येऊन नुसता बसून गेला, शिवी नाही, शब्द नाही. त्यानंतर नंदिनीच्या घरचा दरवाजा उघडा दिसेना.

मयुरी वर्ध्याला परत जायला निघाली होती. स्टँडवर नंदिनीची आई तिच्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, माही पोरगी जेवून नाई राह्यली. एकदा तिचं ऐकून तं घ्या."

२

नंदिनी भिंतीला टेकून बसली होती. मयुरीला पाहून उठली नाही.

"मयुरीताई, मी ओ निगेटिव्हच दाबलं होतं."

"घाईत दुसरं दाबलं गेलं असेल, नंदिनी. होते माणसाकडून."

नंदिनीनं मोबाइल पुढे केला. दवाखान्याच्या नर्सला तिनं त्याच वेळी पडद्याचा फोटो पाठवला होता. वर स्पष्ट दिसत होतं, गट: ओ निगेटिव्ह. खाली: दाता उपलब्ध नाही.

मयुरीनं तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. पडदा तिच्याच प्रोग्रामचा होता, अक्षरं तिनंच निवडलेली.

"हा कोणाला दाखवला नाही?"

"कोनी इचारलंच नाई. तुमी म्हनल्या प्रोग्राम बरोबर आहे. मंग माह्यं कोन ऐकते?"

मयुरीला खाली पाहावं लागलं. तिनं विचारलं, "मग तू अजून कोणाला फोन केला?"

"प्रभाकरकाकाइचा लागला नाई, ते पाहुण्याइले पोचवाले गेलते. मंग प्रफुल्लभाऊले लावला. त्यायचा गट साऱ्या गावाले ठाऊक आहे. ते म्हनले, मी आत्ताच दिलं रक्त, तीन महिने चालत नाई. अन् ठेवून देल्ला."

प्रफुल्लशी तिचं लग्न ठरलं होतं. बसस्टँडच्या चौकात त्याच्या फोटोचा बोर्ड होता, 'आमचा रक्तवीर'. त्यानं कुठल्यातरी शिबिरात रक्त दिलं असेल, सांगायचं राहिलं असेल.

पण एक गोष्ट सलत राहिली. अलीकडे रक्त दिलेल्या माणसाला तिचा प्रोग्राम आपोआप वगळायचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्रामनं पहिलं नाव दिलं होतं ते प्रफुल्लचंच.

३

प्रभाकरराव दुकानात गादीवर बसले होते. मयुरीला त्यांनी आधी चहा पाजला.

"त्या दिवशी पाहुणे कोण आले होते, काका?"

"आर्वीच्या कॉलेजची पोरं-पोरी. त्याइच्या मॅडम बी होत्या. म्हनलं, आपलं काम दाखवू. नंदिनी जेवाले घरी गेलती, मीच चालवून दाखवलं, बरं का. मले या वयात बी जमते."

"काय दाखवलं?"

"ओ निगेटिव्ह. सगळ्यात दुर्मिळ गट, पोराइले तेच दाखवा लागते. तीनदा दाबलं, तीनदा नाव आलं. अन् मजा म्हंजे दरवेळी नवं नाव. मॅडम म्हनल्या, वा, किती दाते आहेत तुमच्यापाशी."

मयुरीनं कप खाली ठेवला.

"काका, दरवेळी नवं? एकच नाव पुन्हा नाही आलं?"

"नाई ना. नवं नवं."

वर्ध्याला वर्गात मयुरी नेमकं हेच शिकवायची. ॲरे म्हणजे ओळीनं बसलेली माणसं. इटरेटर म्हणजे त्या ओळीतून फिरणारा. आपण कुठवर आलो हे तो स्वतःजवळ लक्षात ठेवतो, हाच त्याचा उपयोग. 'पुढचा दे' म्हटलं की पुढच्याचं नाव सांगतो आणि एक जागा सरकतो. ओळ संपली की तो टोकाला उभा. मागे माणसं बसलेली असली तरी त्याच्या लेखी पुढे कोणी नसतं. त्याला पहिल्या माणसापाशी परत आणायचं तर 'रीसेट' सांगावं लागतं. विद्यार्थी ते सांगायला विसरतात आणि म्हणतात, मॅडम, पहिल्यांदा तर बरोबर चाललं होतं.

मयुरी विसरली नव्हती. प्रत्येक शोधाच्या सुरुवातीला तिनं रीसेट घातला होता. त्यामुळे सलग कितीही वेळा शोधलं तरी एकच नाव यायला हवं होतं, जोवर तो माणूस रक्त देत नाही तोवर. नवं नाव येतंय याचा अर्थ रीसेट होत नव्हता. फिरणारा सरकत सरकत टोकाला गेला होता. पाहुण्यांच्या टाळ्यांमध्ये प्रभाकररावांनी ओळ संपवली, आणि नंदिनीनं बटण दाबलं तेव्हा पुढे कोणी उरलं नव्हतं. सकाळी संगणक पुन्हा सुरू झाला, फिरणारा पुन्हा पहिल्या माणसापाशी आला, म्हणून सगळं ठीक दिसलं. आणि मयुरीनं स्वतः तपासताना नेमका प्रोग्राम बंद करून नव्यानं सुरू केला होता.

हे प्रभाकररावांना कसं सांगावं ते तिला सुचेना. तिनं फक्त विचारलं, "तीन नावं कोणती आली, आठवते?"

"आठवते ना. पहिले आपले नत्थूजी. मंग हर्षा मास्तरीण. मंग तो धर्मेंद्र."

नत्थूजींची पानटपरी मंडळाच्या जिन्याखालीच होती. कांताला रक्त हवं होतं त्या दुपारी ते तिथेच पानांना चुना लावत बसले होते.

४

मंडळाचा संगणक योगेंद्र सांभाळायचा. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, बोलणं तुटक. पासवर्ड त्याच्याकडे, आणि नंदिनीशी त्याचं पटत नसे हेही गावाला माहीत. मयुरीच्या मनात पहिलं नाव त्याचंच आलं, आणि खरं तर ते आल्यानं तिला बरं वाटलं.

"मशीन मधात खराब झालती," तो म्हणाला. "डिस्क बदलली. प्रोग्राम नव्यानं टाकला."

"तू त्यात काही बदललं?"

"मले तुमची ती भाषा येते का, ताई? मी उघडून बी पाह्यलं नाई."

त्याच्याच दुकानात बसून मयुरीनं प्रोग्रामची मूळ फाइल उघडली. वर तिचं नाव होतं, तिच्याच हातची रचना. शोधाचा भाग आला. रीसेटची ओळ जागेवर होती, पण तिच्या आधी दोन तिरप्या रेघा होत्या. रेघा असल्या की संगणक ती ओळ वाचून सोडून देतो. ओळ दिसते, पण काम करत नाही.

ही विसरभोळ्या माणसाची चूक नव्हती. ज्यानं केलं त्याला ती ओळ काय करते ते ठाऊक होतं.

"प्रोग्राम कुठून टाकला, योगेंद्र?"

"पेनड्राइव्हवरून."

"कोणाच्या?"

योगेंद्रनं हातातला मोबाइल बाजूला ठेवला. "प्रफुल्लभाऊच्या. म्हनले, मयुरीनंच देल्ला. तुमचाच ना तो?"

"हो," मयुरी म्हणाली. "माझाच."

ती बाहेर आली. रस्त्यावर ऊन होतं. चौकातल्या बोर्डावर प्रफुल्ल हात जोडून हसत होता. इटरेटर म्हणजे काय हे तिनं त्याला कॉलेजात असताना शिकवलं होतं, लायब्ररीच्या पायरीवर, शेंगदाण्यांची ओळ मांडून.

५

ती घरी गेली नाही. पंचायतीसमोरच्या पारावर बसून तिनं सगळं एकदा नीट जुळवून पाहिलं. कुठेतरी प्रफुल्ल सुटेल अशी जागा असावी, असं तिला मनापासून वाटत होतं.

ओ निगेटिव्हच्या ओळीत चार माणसं. पहिला प्रफुल्ल, मंडळ सुरू झालं तेव्हाच त्यानं नाव घातलं होतं. प्रभाकररावांना मात्र पहिलं नाव मिळालं नत्थूजींचं. म्हणजे त्यांच्या आधी त्या सकाळी कोणीतरी एकदा शोध दाबला होता आणि प्रफुल्लचं नाव मागे टाकलं होतं.

सकाळी ऑफिस उघडायचा तो प्रफुल्लच. 'मशीन चालू आहे का, एकदा पाहून घेतो,' हे त्यानं तिलाच किती वेळा कौतुकानं सांगितलं होतं. कांता गेल्यावर दुसऱ्या दिवशी तो आला नाही, कुलूप प्रभाकररावांनी उघडलं, आणि नेमकं त्याच दिवशी त्याचं नाव वर आलं.

बाकीच्या गटांच्या ओळी लांब होत्या, दिवसभरात संपायच्या नाहीत. संध्याकाळी संगणक बंद व्हायचा, सकाळी पुन्हा पहिल्यापासून. फक्त एका माणसाचं नाव रोज सकाळी गुपचूप ओलांडलं जायचं. नाव यादीत राहायचं, बोर्ड चौकात राहायचा, बोलावणं मात्र कधी यायचं नाही.

काढता पाय घ्यायचा होता तर नाव काढून घ्यायचं. ते का नाही केलं? आणि नंदिनीला खोटं का सांगितलं?

तेवढं एक तिला कळत नव्हतं. ती उठली आणि त्याच्या घराकडे चालू लागली.

६

प्रफुल्ल अंगणात मोटारसायकल पुसत होता. त्याची आई धुरपताबाई दारात आली, मयुरीला पाहून तिचा चेहरा उजळला.

"ये व माय. बस, चहा मांडतो."

ती आत गेली. मयुरी उभीच राहिली.

"रीसेट तू बंद केला, प्रफुल्ल."

त्यानं हातातलं फडकं झटकलं, पुन्हा घडी केलं. "कोनता रीसेट?"

"योगेंद्रला पेनड्राइव्ह तू दिला. रोज सकाळी तुझं नाव तू ओलांडत होता. काकांनी दाबलं तर पहिलं नाव नत्थूजींचं आलं. मी सगळं पाहिलं आहे. फक्त असं केलं काऊन, ते सांग."

"हळू बोल. आई आहे आत."

"काऊन?"

तो मोटारसायकलच्या टाकीकडे वळला. मग बोलला तेव्हा आवाज अगदी खाली होता.

"मागच्या खेपेले रक्त देल्लं, तवा रक्तपेढीतून फोन आलता. हिपॅटायटिस बी म्हनतात तो, काविळीचा, रक्तात निघाला. डॉक्टर म्हनले, औषध आहे, चांगला जगशील, पण रक्त देता येनार नाई."

मयुरीला आजाराचं वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की तो हे तिला आज, पकडला गेल्यावर सांगतो आहे.

"नाव काढायचं होतं मग."

"चौकात बोर्ड आहे माह्या. काकानं इचारलं असतं, काऊन. गावात एक शब्द फिरला असता. तुह्या बाबाच्या कानावर गेलं असतं."

"आणि मला कधी सांगणार होता?"

"लग्न झाल्यावर."

आतून कपबशांचा आवाज आला. मयुरीनं श्वास घेतला.

"लग्न झाल्यावर. म्हणजे तो आजार मला लागू नये म्हणून लस घ्यायची की नाही, हेही तूच ठरवलं होतं."

तो पुन्हा टाकी पुसू लागला.

"नंदिनीनं फोन केला तेव्हा तू म्हणाला, आत्ताच दिलं."

"घाबरलो मी."

"तुला देता येत नव्हतं, मान्य. पण नत्थूजी खाली बसले होते, प्रफुल्ल. जिन्याखाली. तुला त्यांचा गट माहीत होता. एवढं एक नाव सांगायचं होतं."

"सांगतलं असतं तं ती म्हनली असती, मंग मशीनीत काऊन नाई दाखवून राह्यलं. मंग लोक मशीन पाह्यला लागले असते." बोलता बोलता तोच थांबला. आपण काय बोललो ते त्यालाही ऐकू आलं असावं.

मयुरी त्याच्याकडे पाहत होती. या माणसाबरोबर तिनं घर कुठे घ्यायचं, खिडकी कोणत्या दिशेला हवी, इथपर्यंत बोलणी केली होती. तो चेहरा तोच होता.

"कांता वाचली असती का, मला माहीत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पण तू तिला ती संधीच दिली नाही."

"मयू, एक ओळ आहे. दोन रेघा पुसून टाक. कोनाले समजत नाई. नंदिनीले मी दुसरीकडं कामाले लावून देतो, चांगल्या जागी."

"नंदिनीला चोर ठरवलं तेव्हा तू कुठे होता?"

"चोर नाई म्हनलं कोनी."

"त्याहून वाईट म्हटलं."

धुरपताबाई चहा घेऊन आली. दोघांनी कप घेतले. ती लग्नाच्या साडीबद्दल काहीतरी बोलली, मयुरीनं मान हलवली. म्हातारी आत गेल्यावर मयुरीनं न प्यालेला कप ओट्यावर ठेवला.

"तुझा आजार तुझा आहे. तो मी कोणाला सांगणार नाही. पण हे तू केलं, हे तू स्वतः सांगायचं. काकांना, नंदिनीला, आणि वडनेरला जाऊन निकेशला."

त्यानं डोळे पुसले. "सांगतो. आज ऑफिसात येतो. उद्या सकाळच्या बसनं वडनेरले. तू फाट्यावर थांबजो."

७

त्या दुपारी तो ऑफिसात आला नाही. मोबाइलवर निरोप आला: आज जमत नाही, उद्या वडनेरला नक्की.

मयुरीनं त्या दिवशी त्याची वाट पाहणं सोडून दिलं. प्रभाकरराव, योगेंद्र, नत्थूजी, हर्षा मास्तरीण, धर्मेंद्र, सगळे जमले होते. नंदिनी आईबरोबर दाराजवळ उभी होती. मयुरीनं प्रोग्राम बंद केला, सुरू केला, आणि प्रभाकररावांनाच बटण दाबायला लावलं. प्रफुल्ल. पुन्हा दाबलं. नत्थूजी. पुन्हा. हर्षा. पुन्हा. धर्मेंद्र. पाचव्यांदा दाबलं आणि पडद्यावर तीच ओळ आली: या गटात दाता उपलब्ध नाही.

चार नावांपैकी तीन माणसं त्या खोलीत उभी होती.

"मी तं खालीच होतो," नत्थूजी म्हणाले. "कोनी नुसतं वरून आवाज देल्ला असता तरी..."

मग मयुरीनं सांगितलं हे कोणी केलं आणि कसं. का, ते तिनं सांगितलं नाही. "ते त्याला विचारा," एवढंच म्हणाली. प्रभाकरराव खुर्चीत बसले ते उठेनात. स्वतः तीनदा दाबलेलं बटण त्यांना दिसत होतं, आणि त्याबद्दल त्यांना कोणी काही म्हणालं नाही. नंदिनीजवळ जाऊन त्यांनी हात जोडले. तिनं ते हात खाली केले.

जिन्यात मयुरीनं तिला गाठलं. "नंदिनी, माझं चुकलं."

"तुमच्या बोलन्यावर लोकाइचा भरवसा होता, ताई," नंदिनी म्हणाली. "माह्या बी होता." आणि ती आईचा हात धरून खाली उतरली.

घरी गेल्यावर मयुरीनं वडिलांना, हरिदासांना, लग्न मोडल्याचं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. ती म्हणाली, नंतर सांगीन. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

८

सकाळी ती वडनेरच्या फाट्यावर उभी होती. समुद्रपूरची बस आली, काही बायका उतरल्या, एक म्हातारा उतरला. बस निघून गेली. तिनं प्रफुल्लला फोन लावला, बंद होता. पुढच्या बसमधूनही तो उतरला नाही. मग ती एकटीच गावात शिरली.

निकेशचं घर विचारावं लागलं नाही. ओसरीवर दोरीला लहान लहान लंगोट वाळत होते. निकेश मुलीला मांडीवर घेऊन बसला होता, वाटी-चमच्यानं दूध पाजत. त्यानं मयुरीला ओळखलं नाही. तिनं स्वतःची ओळख सांगितली, प्रोग्राम आपण लिहिला हेही सांगितलं.

"त्या पोरीनं चुकीचं दाबलं नव्हतं," ती म्हणाली. "तिनं सगळं बरोबर केलं होतं."

मग तिनं बाकीचं सांगितलं, सोप्या शब्दांत, मध्ये न थांबता. निकेशचा चमचा वाटीतच राहिला. मुलगी कुरकुरली तशी त्यानं तिला खांद्यावर घेतलं आणि थोपटत राहिला.

"मी तिच्या दारात जाऊन बसलतो," तो शेवटी म्हणाला. "त्या नंदिनीच्या. तिच्या मायनं मले पानी आणून देल्लं होतं." त्यानं मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "त्याचं नाव काय म्हनलं तुमी?"

"प्रफुल्ल."

"बोर्डावरचा?"

"हो."

"तुमचा कोन लागते तो?"

मयुरीनं तेही सांगितलं. निकेशनं तिच्याकडे नीट पाहिलं, त्या सकाळी पहिल्यांदाच.

"मंग तुमी काऊन आल्या?"

आतून त्याच्या आईनं कोण आहे म्हणून विचारलं. मयुरीच्या तोंडाशी दोनतीन उत्तरं आली, पण त्यातलं एकही खरं वाटेना.

"तो येतो म्हणाला होता," ती म्हणाली.